सर विठ्ठलदास ठाकरसी : कापसाचा पैसा आणि त्याची वाट

वऱ्हाडांत कापूस पिकतो, खामगांवच्या बाजारांत तो विकला जातो, जीनमध्यें त्याची सरकी निघते, प्रेसमध्यें गांठी बांधल्या जातात आणि मग तो येथून जातो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. गांठ गाडींत चढली, अडत्याचा हिशेब चुकता झाला, कीं आपला संबंध संपला असें मात्र आपल्या पेठेंत पुष्कळजण मानतात. ती गांठ पुढें कोणाच्या हातीं पडली, तिच्यावर कोणीं काय मिळविलें, आणि मिळविलेल्या पैशाचें काय केलें, याची चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाहीं. आज ज्या गृहस्थाचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे, तो या गांठीच्या दुसऱ्या टोंकाला उभा होता. विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईचे गिरणीवाले. त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७३ चा व मृत्यु १२ ऑगस्ट १९२२ चा. म्हणजे पुरतीं एकूणपन्नास वर्षेंही त्यांस मिळालीं नाहींत. तेवढ्या अवधींत धनिक, मुत्सद्दी आणि दाता या तिन्ही नात्यांनीं त्यांनीं जें केलें, त्यांतील कांहीं आम्हांस मान्य आहे व कांहीं नाहीं. दोन्ही सांगितल्यावांचून चरित्राचा उपयोग होत नाहीं. नुसती स्तुति ही मृत्युलेखांत शोभते.

आधीं थोडी पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे, कारण तिचा खामगांवाशीं साक्षात् संबंध आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें व लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां इंग्रज व्यापाऱ्यास वऱ्हाडची आठवण झाली. १८५३ पासून हा मुलूख निजामाच्या हातून निघून इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं आलेलाच होता. १८७० च्या मार्च महिन्यांत गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो हे स्वतः येथें आले व जलंबपासून खामगांवपर्यंतचा सुमारें आठ मैलांचा फांटा त्यांनीं उघडला. आठ मैलांच्या रुळांसाठीं व्हाइसरॉयानें एवढी पायपीट कां करावी? त्या काळचे कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक यांनीं याचें उत्तर आपल्या सरकारी लेखांत आडपडदा न ठेवितां देऊन ठेविलें आहे. रेल्वेनें विलायती कापड येथें स्वस्त येईल, येथील सूत काढणारे व विणणारे लोक बेकार होऊन शेतांत मजुरीला मोकळे होतील, आणि जो कापूस ते घरीं वापरीत तोही निर्यातीला मिळेल, असा तो हिशेब होता. परक्या राजाचे हेतु पुष्कळदां आपणांस तर्कानें ओळखावे लागतात; येथें ते कागदावरच सांपडतात.

या हिशेबाला पहिला धक्का मुंबईच्या गिरणीवाल्यानें दिला. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापसाच्या गिरणीची कंपनी काढली, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत मुंबईस धुराड्यांचें रान उभें राहिलें. नागपुरास जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली, ती तर वऱ्हाडच्या कापसाच्या दारांतच. ठाकरसी घराण्याची हिंदुस्तान गिरणी ही याच पहिल्या पिढींतील. घराणें भाटिया जातीचें, कापसाच्या व कापडाच्या व्यापारांत मुरलेलें, आणि वल्लभसंप्रदायी समाजांत वाढलेलें. त्या समाजाची स्थिति काय होती, हें १८६२ सालच्या महाराज लायबल खटल्यावरून कळतें. करसनदास मुळजी यांनीं वैष्णव महाराजांच्या अनाचारावर लेखणी उचलली, तेव्हां भाटिया जातीच्या कांहीं पुढाऱ्यांनीं सभा भरवून जातभाईंनीं महाराजांविरुद्ध साक्ष देऊं नये असा बंदोबस्त केला, व त्याबद्दल न्यायालयांत त्यांस दंड झाला. ज्या जातीचे शेटे गुरूच्या बचावासाठीं साक्षीदारांचीं तोंडें बांधीत, त्याच जातींतील एक पुत्र या प्रकरणानंतर साठ वर्षांच्या आंत स्त्रियांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देतो. कोर्टाच्या निकालानें समाज सुधारतो असें आमच्या वकीलबंधूंपैकीं कोणी मानीत असतील तर त्यांनीं मानावें. पण करसनदासांसारख्या एखाद्या माणसानें बहिष्कार सोसल्यावांचून असे निकाल मुळीं लागतच नाहींत, हेंही त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

विठ्ठलदासांचें शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजांत झालें. पण पदवीच्या मागें न लागतां ते तरुणपणींच पेढीवर बसले. थोड्याच वर्षांत ते मुंबईच्या गिरणीमालक संघाच्या अध्यक्षपदीं चढले, १९०७ सालीं मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले, १९०८ सालीं त्यांस 'सर' ही पदवी मिळाली, आणि मुंबईच्या व नंतर वरिष्ठ कायदेकौन्सिलांत त्यांनीं जागा मिळविली. हा नुसता मानमरातबाचा जिना नव्हे. गिरणीवाल्यास राजकारणांत उतरणें त्या काळीं भागच होतें, कारण त्याच्या धंद्याचा गळा राजकारणानेंच दाबला होता.

तो कसा, हें थोडक्यांत सांगतों. १८९४ सालीं सरकारला पैशाची तूट आली म्हणून परदेशी मालावर पुन्हां जकात बसविणें भाग पडलें. लँकेशायरनें ओरड केली, तेव्हां विलायती मालाला जो कर तोच येथील गिरणीच्या मालालाही लागू झाला पाहिजे असें ठरलें. आणि १८९६ सालीं सूत वगळून कापडावर, परदेशी असो वा देशी गिरणीचें असो, साडेतीन टक्के कर आला. परदेशी कापडावरील जकात ही सरकारच्या तिजोरीसाठीं, आणि देशी कापडावरील एक्साइज ही मँचेस्टरच्या समाधानासाठीं. हातमागाला मात्र तो कर नव्हता. देशांत तयार होणाऱ्या मालावर शेजाऱ्याला वाईट वाटूं नये म्हणून कर बसवावा, असें उदाहरण स्वतंत्र देशाच्या इतिहासांत शोधूनही मिळावयाचें नाहीं. मुंबईच्या गिरणीवाल्यांत पुष्कळ राजनिष्ठ होते. पण या साडेतीन टक्क्यांनीं त्यांस जें शिकविलें तें राष्ट्रीय सभेच्या दहा व्याख्यानांनीं शिकविलें नसतें. १९११ सालीं नागपुरचे माणेकजी दादाभाई यांनीं हा कर उठवावा असा ठराव वरिष्ठ कौन्सिलांत आणला, तो सरकारी मतांखालीं चिरडला गेला. १९२२ सालीं हाच कर साडेसात टक्के करण्याचा सरकारचा बेत होता, तो नव्या कायदेमंडळानें हाणून पाडला. विठ्ठलदास त्या वेळीं त्या मंडळांत होते. डिसेंबर १९२५ मध्यें कर तहकूब झाला व पुढील वर्षीं रद्द झाला, तोंपर्यंत ते जगले नाहींत.

परंतु त्यांच्या सार्वजनिक कामगिरींतील अधिक महत्त्वाचा भाग आम्ही दुसराच समजतों, आणि तो खामगांवच्या सराफांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा, कारण या गांवाची ख्याति कापसाइतकीच चांदीचीही आहे. १८९३ च्या जूनपर्यंत कोणाही माणसानें चांदी टांकसाळींत नेऊन तिचे रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. रुपया म्हणजे चांदी व चांदी म्हणजे रुपया. जगांत चांदीचा भाव घसरूं लागला, तसा रुपयाचाही पौंडांतील भाव घसरला, आणि विलायतेस दरसाल पौंडांत रक्कम पाठवावी लागे त्या सरकारला तोटा होऊं लागला. उपाय म्हणून २६ जून १८९३ रोजीं टांकसाळी चांदीला बंद केल्या. पुढें १८९९ सालीं पंधरा रुपयांस एक सॉव्हरिन, म्हणजे रुपयास एक शिलिंग चार पेन्स, असा दर कायद्यानें ठरला. सरकारची सोय झाली. इतरांचें काय झालें? कुणब्याच्या बायकोच्या हातांतील गोठ व पायांतील तोडे हे तोंपर्यंत अडीअडचणीचा रुपयाच होते. ते एका रात्रींत नुसते धातूचे झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हे दागिने बाजारांत आले तेव्हां चांदी स्वस्त व रुपया महाग अशी स्थिति होती. विकणारा अडलेला, आणि त्याची बचत कायद्यानें आधींच कापून घेतलेली. मुंबईच्या गिरण्यांनाही मार बसला, तो चीनच्या वाटेनें. तेथील बाजार चांदीवर चाले. आपला रुपया चांदीपासून तुटल्याबरोबर आपलें जाडें सूत चिनी गिऱ्हाइकाला महाग पडूं लागलें, आणि जपानच्या गिरण्यांनीं ती पेठ हळूहळू काबीज केली.

सरकारनें त्या वेळीं असें सांगितलें होतें कीं, चांदी गेली तरी सोन्याचें चलन येईल. तें आलें नाहीं. आलें काय, तर रुपये पाडण्यांत जो नफा झाला त्याचा सोन्याचा निधि. आणि तो निधि ठेवला लंडनांत, जेथें तो तिकडील सराफ्यास अल्प व्याजानें वापरावयास मिळे. येथें सुगीच्या दिवसांत खामगांव-अकोल्यास कापसाची खरेदी सुरू झाली कीं पैशाची टंचाई पडे व व्याजाचा दर चढे; आणि ज्यांच्या घामाचा तो निधि, त्यांस त्याचा स्पर्शही नाहीं. मार्च १९१२ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत विठ्ठलदासांनीं ठराव मांडला कीं, हिंदुस्थानच्या टांकसाळी सोन्याचीं नाणीं पाडण्यास खुल्या कराव्या. कौन्सिलांतल्या पुष्कळ भाषणांप्रमाणें हें टाळ्यांसाठीं केलेलें भाषण नव्हतें; हुंडीचे दर, राखीव निधि, नाण्यांची आवक-जावक यांचे आंकडे ज्याच्या बोटांवर आहेत अशा व्यापाऱ्याचा तो युक्तिवाद होता. हिंदुस्थान सरकार व स्टेट सेक्रेटरी यांच्यांत त्यानंतर लिखापढी झाली, आणि १९१३ सालीं चेंबरलेन कमिशन बसलें. पुढें जगप्रसिद्ध झालेले अर्थशास्त्रज्ञ केन्स हे त्या कमिशनावर होते. त्यांनीं हिंदी चलनावरील आपल्या ग्रंथांत सोन्याच्या नाण्यांच्या मागणीचा प्रतिवाद केलेला आहे, व कमिशननेंही ती मागणी नाकारली. महायुद्धाच्या गर्दींत १९१८ सालीं मुंबईस रॉयल मिंटची शाखा उघडून सॉव्हरिन पाडण्यांत आले खरे, पण १९१९ सालीं ती बंदही झाली.

शास्त्रार्थांत केन्स यांचीच बाजू शेवटीं वरचढ ठरली, हें कबूल केलें पाहिजे. १९३१ सालीं खुद्द इंग्लंडनें सोनें सोडलें, आणि आज जगांत कोणत्याही मोठ्या देशांत सोन्याचें नाणें बाजारांत फिरत नाहीं. पण विठ्ठलदासांच्या मागणीचा गाभा धातूचा नव्हता. आमच्या पैशाचा निधि आमच्या देशांत असावा, आणि त्याची व्यवस्था परक्या सराफ्याच्या सोयीनें न होतां आमच्या बाजाराच्या गरजेनें व्हावी, ही ती मागणी होती. १९३५ सालीं रिझर्व्ह बँक स्थापन झाली तेव्हां तिचा आरंभ झाला, व स्वराज्य आल्यावर ती पुरी झाली.

सहकाराच्या कामांतही हीच दृष्टि दिसते. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. खेड्यापाड्यांतून लहान लहान मंडळ्या निघूं लागल्या. पण त्यांस भांडवल कोठून मिळावें? शेतकऱ्याची ठेव नाहीं, सावकार देणार नाहीं, आणि शहरांतील बँक शेतकऱ्याच्या दाराकडे फिरकत नाहीं. विठ्ठलदास व लल्लुभाई सामळदास या दोघांनीं मिळून १९११ सालीं मुंबईस मध्यवर्ती सहकारी बँक काढली, म्हणजे शहरांतील पैसा गांवाकडे वाहून नेणारा एक पाट खणला. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही तिचीच वारस. वैकुंठभाई मेहता यांनीं आयुष्यांतील तिसांहून अधिक वर्षें या बँकेच्या कारभारांत घालविलीं. नीरा कालव्याकांठीं उसाचें पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांस पैसा पुरविण्यापासून तिनें जी वाट पाडली, त्या वाटेनें पुढें पश्चिम महाराष्ट्रांतील साखरेचे सहकारी कारखाने उभे राहिले. वऱ्हाडांत कापसाच्या बाबतींत तसें कां झालें नाहीं, हा प्रश्न आम्ही येथें नुसता विचारून ठेवतों. त्याला स्वतंत्र लेख पाहिजे, आणि त्या लेखांत खामगांवच्या पेठेलाही चार गोष्टी ऐकाव्या लागतील.

आतां दुसरी बाजू. विठ्ठलदास राजकारणांत मवाळ होते. फिरोजशहा मेथांच्या मुंबईंत गिरणीवाला जहाल होणें कठीणच होतें. वंगभंगानंतर स्वदेशीची लाट उठली, बंगाल्यानें विलायती धोतर टाकलें, आणि मुंबईच्या गिरण्यांकडे मागणी आली. तेव्हां गिरणीवाल्यांनीं धोतरांचे भाव चढविले, ही गोष्ट इतिहासांत नमूद आहे. बंगाली तरुण तुरुंगांत जात होता आणि मुंबईचा शेट नफा मोजीत होता. १९०६ सालीं कलकत्त्यास भरलेल्या औद्योगिक परिषदेचे अध्यक्ष विठ्ठलदासच होते; स्वदेशी हा उद्योगाचा प्रश्न आहे, चळवळीचा नव्हे, अशी त्या वर्गाची समजूत होती. ती अर्धी खरी होती, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीं देशाला फार मोल द्यावें लागलें. २२ जुलै १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हां त्यांच्यासाठीं सहा दिवस मुंबईच्या गिरण्या बंद पाडल्या त्या कामगारांनीं, मालकांनीं नव्हे. त्याच वर्षीं विठ्ठलदास 'सर' झाले. हीं दोन्हीं एका वर्षांत घडलीं यांत कोणाचा कट नाहीं. पण त्या काळच्या मुंबईंत कोण कोठें उभा होता हें त्यावरून दिसतें.

कामाच्या तासांविषयीं तर मालकवर्गाची वर्तणूक समर्थनीय नव्हती. गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची मर्यादाही राहिली नाहीं, व कित्येक गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालूं लागल्या. १९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत पुरुषांस बारा तासांची मर्यादा घातली, तीही मालकवर्गाला जाचक वाटली. अशी मर्यादा घालण्यांत लँकेशायरचा मत्सर आहे, हें त्यांचें म्हणणें निराधार नव्हतें. परंतु शत्रूनें मत्सरानें सांगितलें म्हणून पंधरा तासांचे दहा होत नाहींत. महायुद्धाच्या अखेरीस व त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गिरण्यांस अपार नफा झाला. त्याच काळांत, १९१९ च्या व १९२० च्या जानेवारींत, मुंबईचे लाखावर कामगार महागाईनें टेंकीस येऊन संपावर गेले. ज्या पंधरा लाखांविषयीं आतां आम्ही लिहिणार आहों ते १९२० सालीं दिले गेले. तो पैसा कोठून आला, हें विसरून त्या दानाचें गुणगान करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. विलायतेंतही हीच कोडीं आहेत. यॉर्कशायरचे लोकरीचे कारखानदार टायटस सॉल्ट यांनीं आपल्या मजुरांसाठीं सॉल्टेअर नांवाचें सबंध गांव बांधलें, ब्रॅडफर्डकडून ते पार्लमेंटांतही बसले. आणि त्यांच्याच गिरणींत लहान मुलें राबत होतीं. दात्याचें पाप दानानें धुतलें जात नाहीं, आणि दान पापामुळें निष्फळही होत नाहीं. दोहोंचीं खातीं वेगळीं आहेत, व तीं वेगळींच लिहावीं.

असो. दानाची हकीकत अशी. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, पुण्याजवळ हिंगण्यास झोंपडीपासून आरंभ करून विधवांच्या व कुमारिकांच्या शिक्षणाची संस्था वाढविली. जपानांत स्त्रियांसाठीं निराळें विद्यापीठ आहे, असें एका पुस्तिकेंत त्यांनीं वाचलें. १९१५ च्या डिसेंबरांत सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून ती कल्पना त्यांनीं मांडली, आणि १९१६ सालीं विद्यापीठ सुरूही केलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपति, रँग्लर परांजपे कुलगुरु, आणि कॉलेजांत पहिल्या वर्षीं विद्यार्थिनी पांच! हंसणारे पुष्कळ होते. सरकारची सनद नाहीं, पदवीला बाजारांत किंमत नाहीं, आणि शिक्षण स्वभाषेंतून. अशा विद्यापीठाला नांवापुरतें विद्यापीठ म्हणावयाचें, असें सुशिक्षितांतही बोललें जाई. कर्वे मात्र गांवोगांव हिंडून रुपया-दोन रुपये वर्गणी गोळा करीत होते. एवढ्यांत विठ्ठलदास सपत्नीक जपानच्या प्रवासास गेले व ज्या टोकिओच्या स्त्री-विद्यापीठाविषयीं कर्व्यांनीं नुसतें वाचलें होतें, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. परत आल्यावर त्यांनीं कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लाख रुपये देऊं केले.

या दानाच्या अटी कायद्याच्या माणसानें पाहण्याजोग्या आहेत. रक्कम साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांत. म्हणजे वर्षाचें उत्पन्न ५२,५०० रुपये. विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचें, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें, नांव द्यावें. ठाणें पुण्याहून मुंबईस न्यावें. यावर कोणी म्हणेल, ही तर देणगी नव्हे, सौदा आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. हातीं एकदम मोठें मुद्दल आल्यानें पुष्कळ संस्थांचें वाटोळें झालेलें आम्हीं पाहिलें आहे. इमारती उठतात, शिक्षकांचे पगार थकतात. व्याजाचा वार्षिक झरा हा व्यापाऱ्यानें शोधलेला उपाय आहे व तो शहाणपणाचा आहे. मुंबईची अटही दूरदृष्टीची होती, कारण तेथें पैसा व लोक दोन्ही होते; १९३६ सालीं विद्यापीठ तिकडे गेलेंच. राहिलें नांव. आपल्या धर्मशाळा, घाट, पाणपोया यांच्या दगडांवर बापाचें, आजाचें व स्वतःचें नांव कोरलेलें असतें, आईचें क्वचित्. आणि येथें नांव कोरावयाचें होतें तें देवळावर नव्हे, तर जेथें मुली शिकणार त्या घरावर. या अटीवर नाक मुरडणाऱ्यानें आपल्या आईचें नांव किती कागदांवर आलें आहे, हें आधीं तपासून पाहावें.

आणखी एक गोष्ट. हें दान गुजराथी गिरणीवाल्यानें मराठी ब्राह्मणाच्या संस्थेला दिलें. जात, भाषा, प्रांत यांपैकीं कांहींच जुळत नव्हतें. आमच्या पेठेंत मारवाडी आहेत, गुजराथी आहेत, कच्छी आहेत, मराठे, माळी, ब्राह्मण, मुसलमान आहेत. आणि दानाची थैली उघडली कीं ती बहुधा ज्याच्या त्याच्या जातीच्या वाड्यांतच रिकामी होते. जातीचें वसतिगृह, जातीची पंगत, जातीचें मंगल कार्यालय. यांतलें वसतिगृह तरी चांगलें. पण गांवांतील सगळ्या मुलींच्या शाळेला, ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला जो पैसा हवा तो कोणत्या जातीनें द्यावा? विठ्ठलदासांनीं हा प्रश्न विचारण्यांत वेळ घालविला नाहीं.

दानानंतर दोन वर्षांत ते वारले, आणि पुढचें काम त्यांच्या विधवा पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांच्यावर आलें. धनिकाच्या विधवेनें देवघरांत बसून दिवस कंठावे, अशी जी आपली अपेक्षा असते ती या बाईंनीं पुरी केली नाहीं. पुण्यांतील त्यांच्या 'पर्णकुटी' या घरीं महात्मा गांधींनीं मे १९३३ मध्यें एकवीस दिवसांचें उपोषण केलें. आणि १६ जून १९३३ रोजीं त्याच घरीं गांधींचे पुत्र देवदास व राजगोपालाचारी यांची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर गुजराथी वाणी, वधू तमिळ ब्राह्मण. मवाळ सर विठ्ठलदासांच्या घरांत कायदेभंगाचा पुढारी उपाशी निजला आणि जातीबाहेरचें लग्नही लागलें, यावर खुद्द विठ्ठलदास काय म्हणाले असते याची कल्पना करून आम्हांस थोडी मौज वाटते.

विद्यापीठास सरकारी मान्यता मिळावयास मात्र स्वराज्य यावें लागलें. १९१६ पासून पस्तीस वर्षें तें सनदेवांचून चाललें. १९४९ सालीं त्याचा कायदा झाला व १९५१ सालीं तें कायदेशीर विद्यापीठ झालें. त्या कायदेशीर विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरु म्हणून प्रेमलीलाबाईंनीं कामाची सूत्रें हातीं घेतलीं. कर्वे तेव्हां नव्वदीच्या पुढें होते. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें व १९६२ सालीं ते वारले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगांवांतील बहुतेक धुराडीं थंड पडलीं, त्या जागीं उंच मनोरे उठले, आणि आमच्या जीनांतून निघालेली गांठ आतां तिकडे जात नाहीं. मुंबईस मरीन लाइन्सजवळ विद्यापीठाचें मुख्य ठाणें आहे, त्यापुढील रस्त्याला नाथीबाई ठाकरसी यांचें नांव आहे, आणि तेथें मुली शिकत आहेत.

खामगांवांतील ज्या अडत्यांस, सराफांस व जीनवाल्यांस यंदां हंगाम बरा गेला आहे, त्यांच्यासाठीं एवढा हिशेब मांडून ठेवतों कीं, साडेतीन टक्क्यांच्या व्याजावर चालणाऱ्या दानास पंधरा लाखच लागतात असें नाहीं. एका मुलीच्या कॉलेजच्या फीपुरतें व्याज येईल इतकें मुद्दल एका दुकानालाही बाजूस काढतां येतें. तें कोणत्या संस्थेकडे सोंपवावें, विश्वस्त कोण असावे, आणि अटी कशा लिहाव्या, याविषयीं कोणास विचारावयाचें असल्यास त्यांनीं आमच्या कचेरींत अवश्य यावें. दानपत्राचा मसुदा करून देण्याचें मोल आम्हीं घेत नाहीं.